बिजागरीच्या बाजूने

जिना उतरताना तो कठड्याला हात लावायचा नाही, भिंतीला लावायचा. खुर्चीत बसण्याआधी ती जराशी हलवून बघायचा. खडू नखाएवढा उरेपर्यंत वापरायचा आणि उरलेला तुकडा खिशात टाकायचा. त्याच्या सगळ्या विजारींचे खिसे आतून पांढरे झाले होते. समोरचा चढ्या आवाजात बोलू लागला की हा आपला आवाज आणखी खाली आणायचा. चहा विसरून जायचा आणि मग गार झाला म्हणून कुरकुरायचा. घरात कुणी शिंकलं तर पुस्तकातून डोकं वर न काढता "पाणी पी" म्हणायचा. वर्गात पाऊल टाकण्याआधी उंबऱ्यावर थांबून एकदा छताकडे बघायचा. आणि पोरं धावत सुटली की ओरडायचा नाही. नुसतं म्हणायचा, "हळू."

पोरांनी त्याचं नाव ठेवलं हळू सर. पुढे तो शाळा सोडून सरकारी कचेरीत गेला, टेबलावर नावाची पाटी आली, तरी रस्त्यात हाक यायची ती हीच.

त्याचे वडील त्याच शाळेत शिपाई होते. घंटा देणं, दारं उघडणं, पाणी भरणं, फळे पुसणं, मोठ्या बाईंच्या सूचना वर्गावर्गात फिरवणं, सगळं त्यांच्याकडे. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. शाळेत सगळे वडिलांना मामा म्हणायचे. पोरंही मामा, मास्तरही मामा, मोठ्या बाईही मामा. पहिलीत नाव घातल्यावर यानेही तेच धरलं. शाळेत मामा, घरी बाबा. एकदा तो घरीही चुकून मामा म्हणाला, तेव्हा आई कपडे वाळत घालता घालता थांबली.

"म्हणजे मी यांची बहीण झाले की काय रे? बरं झालं. आता मी माहेरीच राहते."

"राहा की," बाबा म्हणाले. "फक्त स्वयंपाकाला इकडे येत जा."

त्यांच्या घरात त्याच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबा चौथीत शाळेबाहेर पडले होते आणि नंतर शिपाई म्हणून पुन्हा आत आले होते. आई इस्त्रीची कामं घ्यायची. दोन खोल्यांपैकी एक खोली लोकांच्या कपड्यांनी भरलेली. दुसऱ्या खोलीत चौघं झोपायची. अभ्यासाला जागा म्हणून बाबांनी त्याला शाळेतली प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली दिली. मोठ्या बाईंना विचारून दिली. बाई म्हणाल्या, "मामा, विचारता काय, तुमच्याकडेच तर किल्ल्या आहेत." त्या खोलीत मोडके तराजू होते, काचेच्या नळ्या होत्या आणि एक हाडांचा सांगाडा होता, त्याला एक हात नव्हता. त्या सांगाड्यासमोर बसून तो बारावी झाला, पदवीधर झाला.

पदवीदानाला बाबा खाकी गणवेशातच आले. दुसरे कपडे होते, पण त्यांना वाटलं मोठं कार्य आहे, गणवेश बरा. आईने त्याला अशी कडक इस्त्री केली होती की बसताना कापडाचा आवाज यायचा. सभागृहात मागच्या रांगेत त्यांना जागा मिळाली. पण कोट घातलेला माणूस जवळून गेला की उठून उभं राहायची बाबांना सवय, आणि त्या दिवशी तिथे सगळेच कोटात. चार-पाचदा उठबस केल्यावर त्यांनी नाद सोडला आणि भिंतीला टेकून उभेच राहिले. मुलाचं नाव पुकारलं तेव्हाही ते उभे होते. नंतर सांगायचे, "मी उभा राहून मान दिला पोराला." त्याची धाकटी बहीण म्हणायची, "बाबा, तुम्ही तिथल्या पंखेवाल्यालाही उभं राहून मान दिलात."

मोठ्या बाईंनी त्याला आपल्याच शाळेत घेतलं. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मास्तर, नाही घेतला तर कुणी नाही. विज्ञान आणि गणित. पहिल्या दिवशी तो शिक्षकांच्या खोलीत शिरला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावरून मामा उठले.

"नमस्कार सर."

"बाबा, काय हे. बसा ना."

"शाळेत बाबा नाही. मामा."

"मग मामा, बसा ना."

"बसतो सर. पण आधी तुम्ही बसा."

तो बसेना, म्हणून मामा बसेनात. दोघं उभे. कवायतीचे सर चहा पीत म्हणाले, "आता तुम्ही दोघं उभेच राहणार असाल तर निदान एक खुर्ची मला पाय ठेवायला द्या." खोली हसली. तेव्हापासून तो त्या खोलीत जाणं टाळू लागला. मधल्या सुट्टीतही वर्गातच बसायचा. आणि वर्गात बसल्यामुळे त्याला ती भेग दिसली.

शाळेच्या दोन इमारती होत्या. पुढची दगडी, जुनी, धडधाकट. मागची नंतर बांधलेली, घाईने बांधलेली, तीन वर्गांची, पुढे अरुंद व्हरांडा. त्याचा वर्ग मागच्या इमारतीत मधला. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली होती आणि तिरकी छताकडे गेली होती. त्याने भेगेवर आडवी कागदाची पट्टी चिकटवली आणि पोरांना सांगितलं, ही फाटली तर भेग हलली. पोरांना खेळ झाला. रोज कुणीतरी बाकावर चढून बघायचं. पावसाळ्याच्या मध्यावर पट्टी फाटली. त्याने दुसरी चिकटवली. तीही फाटली. पोरं टाळ्या वाजवायची. तो मात्र बाकं भिंतीपासून सरकवायचा. वर्षाच्या शेवटी सगळी बाकं वर्गाच्या एकाच बाजूला दाटीने आली होती, होडी कलावी तशी.

तो मोठ्या बाईंकडे गेला. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी कचेरीला कळवलं होतं, एकदा नाही, अनेकदा. वरून यायचं, "विषय विचाराधीन आहे."

"ज्याच्या सहीने काम होतं, त्याला हे दिसत नाही," बाई म्हणाल्या. "ज्याला दिसतं, त्याच्या सहीला किंमत नाही. माझ्याही नाही आणि तुझ्या तर नाहीच नाही."

हे वाक्य त्याने मनावर घेतलं. पुष्कळ लोक साहेब होण्यासाठी परीक्षा देतात, गाडीसाठी देतात, लग्नाच्या बाजारासाठी देतात. हा त्या भेगेसाठी बसला. दोनदा आपटला. तिसऱ्यांदा लेखी निघाली. मुलाखतीत त्याला विचारलं, सेवेत कशाला यायचंय? तो म्हणाला, "आमच्या शाळेची मागची इमारत पडायला आलीय. ती बंद करायचा अधिकार ज्या खुर्चीला आहे, ती खुर्ची हवीय." मंडळातले एकजण हसले आणि म्हणाले, "आणि मग बाकीची नोकरी काय करणार?" तो म्हणाला, "अशा अजून असतील."

त्याला शिक्षण खात्याच्या कचेरीत जागा मिळाली. मोठी नव्हे, पण सही असलेली. बाबांनी शाळेत पेढे वाटले नाहीत. त्यांनी त्या दिवशी घंटा जरा जास्त वेळ वाजवली. कवायतीच्या सरांनी विचारलं, "मामा, आग लागलीय का?"

कचेरीत रुजू झाल्यावर त्याने इंजिनिअरांचा जुना पाहणी अहवाल कपाटातून काढवला. मागची इमारत वापरास धोकादायक, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्याच भागातल्या आणखी काही शाळांबद्दलही लिहिलं होतं. सगळ्या इमारती एकाच ठेकेदाराच्या, एकाच नकाशावरच्या. त्याने पहिला आदेश आपल्याच शाळेचा काढला. वर्ग रिकामे करून टाळं आणि सील.

जेवताना तो बाबांना म्हणाला, "उद्या मागची इमारत बंद करायला येतोय."

बाबांचा घास हातात राहिला. "परीक्षा तोंडावर आहेत."

"माहीत आहे."

"तीन वर्ग बाईंनी ठेवायचे कुठे? डोक्यावर?"

"दोन पाळ्यांत भरवायचे."

"दोन पाळ्या केल्या की पालक पोरं काढून त्या दुसऱ्या शाळेत घालतात. पोरं गेली की शाळा गेली." बाबांनी घास ताटात ठेवला. "त्या बाईंनी तुला खोली दिली. नोकरी दिली. मला तर भाकरच दिली."

"म्हणूनच आधी तिथलं करतोय, बाबा."

"वा," आई म्हणाली. "उपकार फेडायची ही नवीन तऱ्हा."

दुसऱ्या दिवशी तो गेला. बाई भांडल्या नाहीत. त्यांनी पोरांना पटांगणात बसवलं आणि एवढंच म्हणाल्या, "साहेब, उन्हाचा बंदोबस्तही तुमच्याकडे असतो का?" तिन्ही दारं दोन फळ्यांची होती, बाहेर उघडणारी. कडीत कुलूप पडलं. कुलपाला कापड गुंडाळलं. लाख वितळवायला काडी हवी होती, ती मामांनीच ओढली. वाऱ्याने विझू नये म्हणून दोन्ही हातांची ओंजळ धरली. मुलाने लाखेवर खात्याची मोहोर दाबली.

"झालं का साहेब?" मामांनी विचारलं.

त्यांनी त्याला साहेब म्हटलं ते पहिल्यांदा.

नियम असा की सील केलेल्या इमारतीची पाहणी करत राहायची. तो दर आठवड्याला जाऊ लागला. मागोमाग सील होत गेलेल्या बाकीच्या शाळांचंही यायचं-जायचं काम होतं, त्यामुळे वार ठरलेला नसे. पण आदल्या दिवशी जेवताना तो सांगायचा, "बाबा, उद्या तुमच्याकडे चक्कर." आणि बाबा म्हणायचे, "ये. चहा टाकून ठेवतो." यात त्याला काही वावगं वाटलं नाही. मुलगा बापाला उद्या येतो म्हणाला, यात वावगं काय असणार? त्या सीलनंतर बाबा घरात त्याच्याशी कमी बोलायचे. चहाची ती दोन वाक्यं हाच त्यांच्यातला धागा उरला होता. तो ती मुद्दाम बोलायचा.

तो जायचा, सील बघायचा, कापड हललेलं नाही, लाखेला तडा नाही, मोहोर स्वच्छ. मामांच्या हातचा चहा प्यायचा. "सील शाबूत" असा शेरा मारायचा.

मधल्या काळात काय चाललं होतं ते त्याला मागाहून कळलं, पण सांगायचं तर इथेच सांगायला हवं.

सील झाल्यावर थोड्याच दिवसांत एका दुपारी वळीव आला. पटांगणात तीन वर्ग बसले होते. पोरं भिजली, वह्या भिजल्या. पुढच्या इमारतीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका पोरीला ताप भरला आणि तिच्या आईने येऊन बाईंना नाही नाही ते ऐकवलं. दोन घरांनी पोरं काढून घेतली. बाईंनी मामांना बोलावलं.

"मामा, परीक्षा होईपर्यंत. फक्त तेवढंच."

"बाई, सील आहे."

"सील मी कुठे तोडा म्हणतेय?"

मामांना कळलं. ज्या माणसाने आयुष्यभर दारं उघडली त्याला कुलूप ही दाराची एकच बाजू वाटते. किल्ली हरवली, कुलूप गंजलं की शाळेतले शिपाई काय करायचे? बिजागरीचा खिळा खालून ठोकून वर काढायचे. तिन्ही बिजागऱ्यांचे खिळे निघाले की फळी त्या बाजूने मोकळी. कुलूप आपलं मधोमध जागच्या जागी. हे त्यांचा मुलगाही जाणत होता. लहानपणी अडगळीच्या खोलीची किल्ली घरी राहिली की बाबा असेच दार काढायचे आणि हा खाली खिळे धरून उभा राहायचा.

"माझ्या पोराचं सील आहे," मामा म्हणाले.

"म्हणूनच तुम्हाला सांगतेय. दुसऱ्याचं असतं तर मी तुम्हाला अडचणीत घातलं असतं का? त्याने चुकून पाहिलंच तरी बापाला काय फाशी देणार आहे?"

मामांनी डोकं खाजवलं असेल. बाईंची भाकर आठवली असेल. भिजलेली पोरं तर समोरच होती. त्यांनी हातोडी घेतली. रोज सकाळी फळ्या निघू लागल्या, वर्ग भरू लागले, संध्याकाळी फळ्या एकेका खिळ्यावर परत अडकवल्या जाऊ लागल्या. आणि ज्या दिवशी साहेब येणार, त्या दिवशी मामा पहाटेच शाळेत जायचे, फळ्या नीट बसवायचे, सगळे खिळे ठोकायचे, वरून धूळ चोळायचे. मग चहा टाकायचे.

त्याला संशय आला नाही. त्याने कुलूप बघितलं. बिजागऱ्या बघितल्या नाहीत. दुसऱ्या कुठल्याही शाळेत त्याने कदाचित बघितल्या असत्या. इथे त्याचा बाप होता.

ज्या दिवशी ते घडलं, त्याच्या आदल्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "बाबा, उद्या चक्कर."

"उद्या? परवा ये ना. उद्या बाई नाहीत."

"बाईंचं काय काम? सील बघून जाईन."

"बरं. ये."

तो पोचला तेव्हा शाळा भरायला अवकाश होता. फाटक उघडं होतं. मागच्या बाजूला दोन-तीन माणसं उभी होती, शेजारच्या घरांतली, आवाज ऐकून आलेली. मधल्या वर्गाच्या दारावरची तुळई खाली आली होती आणि तिच्यामागून छताचा अर्धा भाग. धूळ अजून बसली नव्हती. खाकी बाही दिसत होती. त्याने विटा उचलायला सुरुवात केली. कुणीतरी म्हणालं, हळू, वरचं अजून लोंबतंय. त्याने ऐकलं नाही. बाबांच्या मुठीत बिजागरीचा खिळा होता. दाराच्या दोन्ही फळ्या एकत्र एका बाजूला पडल्या होत्या आणि त्यांना जोडून कुलूप होतं. कापड होतं. लाख होती.

सील शाबूत होतं.

तो तिथेच खाली बसला. खुर्ची नव्हती, विटांवर बसला. मग शाळेची पोरं फाटकातून येऊ लागली आणि त्याला उठून त्यांना थांबवावं लागलं. मागच्या वर्गातली पोरं सवयीने मागेच निघाली होती. ती कुठे निघालीत ते बघून त्याला सगळं समजलं. एका मुलाला त्याने विचारलं, "कुठे चाललास?"

"वर्गात," मुलगा म्हणाला.

मोठ्या बाई दुपारी आल्या. रडल्या नाहीत. त्यांनी त्याला सगळं सांगितलं, काहीही न लपवता, आणि शेवटी म्हणाल्या, "दुसऱ्या कुठल्या दिवशी तासाभराने झालं असतं तर पोरं आत असती. मामांनी वाचवली म्हणायची."

"नाही बाई," तो म्हणाला. "इमारत हातोडीने पडली. रोजची ठोकाठोक, त्याच भेगेखाली."

बाईंनी मान खाली घातली. तो पुढे म्हणाला, "आणि आज मी येणार होतो म्हणून ते ठोकत होते."

बाबांना पोचवून आल्यावर त्याला कचेरीत बोलावणं आलं. वरिष्ठ साहेब सज्जन होते. दार लावून घेतलं, पाणी दिलं.

"सील शाबूत होतं ना?"

"होतं."

"मग आपली बाजू साफ आहे. इमारत बंद होती. शिपाई झाडलोट करायला गेला, कामावर असताना भिंत पडली. तुमच्या आईंना जे मिळायचं ते मिळेल. बाईंची नोकरी राहील. तुम्हालाही काही नाही. सगळ्यांचं नीट होतंय."

"झाडलोटीला गेले नव्हते ते."

"मला माहीत नाही ते कशाला गेले होते," साहेब सावकाश म्हणाले. "तुम्हालाही माहीत नसावं असं मला वाटतं. विचार करा. घरी बोला."

तो घरी बोलला. आई इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. इस्त्री गार होती. बहीण दारात बसली होती.

"बाकीच्या शाळांची दारंही तशीच आहेत," तो म्हणाला. "तोच ठेकेदार, त्याच बिजागऱ्या. तिथेही शिपाई आहेत. तिथेही आम्ही आधी कळवून जातो. मी गप्प राहिलो तर सगळीकडे सील शाबूत राहणार आणि आत पोरं बसणार."

"म्हणजे तू यांचं नाव सांगणार," आई म्हणाली.

"दार त्यांनी काढलं एवढंच सांगणार. कुणी सांगितलं म्हणून काढलं तेही सांगणार. आणि मी पाहणीला येण्याचा दिवस घरात सांगायचो, ते पण."

"मग त्यांना कामावर असताना गेले म्हणतील का?"

त्याने टेबलावरची कपड्यांची घडी सरळ केली.

"म्हणजे नाही म्हणतील. चोरून दार काढताना मेला म्हणतील." आईचा आवाज चढला नाही. "लोक म्हणतात, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो. मला पडतो. मी त्या माणसाचा गणवेश रोज इस्त्री केला."

"आई, दादाचं बरोबर आहे," बहीण म्हणाली.

"बरोबर आहे हे मलाही कळतं गं. मी काय शिकलेली नाही म्हणून कळत नाही असं नाही." मग ती त्याला म्हणाली, "जा. सांग. पण सांगून आल्यावर माझ्याकडून शाबासकीची वाट बघू नकोस."

त्याने सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "लेखी द्या." त्याने लेखी दिलं. पाहणीची वेळ आरोपीला आधी कळवली, असं त्यात त्याने स्वतःबद्दल लिहिलं. आरोपी हा शब्द लिहिताना तो थांबला असेल का, ते सांगता येत नाही. कागदावर खाडाखोड नव्हती.

वरून उत्तर यायला वेळ लागणार हे त्याला माहीत होतं. तेवढा वेळ त्याची सही चालणार होती. आईने कपडे पुन्हा घ्यायला सुरुवात केली होती. ती त्याला ताट वाढायची, बोलायची नाही. तो सकाळी लवकर निघायचा. कालव्यापलीकडे मुलींची शाळा होती, अजून सील न झालेली, तशीच मागची इमारत, तीन वर्ग, तसाच अरुंद व्हरांडा. तिथे भेग आणखी रुंद होती. त्याने या वेळी कुणालाच कळवलं नाही. वेल्डिंगवाल्याला बरोबर घेतलं आणि सरळ जाऊन उभा राहिला.

तिथले मुख्याध्यापक उतारवयाचे, थकलेले. त्यांनी भांडायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. मुली बाकं उचलून पटांगणात आणू लागल्या. तो त्यांना एकामागून एक सोडत होता. वेल्डिंगवाला आधी बिजागऱ्यांना लागला. खिळ्याच्या दोन्ही टोकांना टाका मारायचा, म्हणजे खिळा पुन्हा निघत नाही.

"साहेब, कुलूप लावायचं तर बिजागरी कशाला जाळायची?" वेल्डिंगवाल्याने विचारलं. "असं कुणी करत नाही."

"म्हणूनच," तो म्हणाला.

"दार तर आधीसारखंच उघडणार हां. मी नुसता खिळा पक्का करतोय."

"उघडू दे. कुलूप मी लावतो."

ठिणग्या उडत होत्या. मुली डोळ्यांवर हात धरून बोटांच्या फटीतून बघत होत्या. तिसऱ्या दाराची शेवटची बिजागरी झाली. त्याने पिशवीतून कुलपं काढली, कापड काढलं, लाख काढली. तेवढ्यात कचेरीचा माणूस सायकल लावून आत आला. त्याने आधी पाणी मागितलं, प्याला, मग पाकीट दिलं. उत्तर अपेक्षेपेक्षा लवकर आलं होतं. चौकशी होईपर्यंत निलंबित. हाती असलेलं काम आहे त्या स्थितीत थांबवावं. मोहोर पत्र आणणाऱ्याकडे सुपूर्द करावी.

"मला काही कळत नाही यातलं," कचेरीचा माणूस म्हणाला. "मला मोहोर आणायला सांगितलीय."

त्याने मोहोर दिली. ती खिशात होती, खडूचं पीठ लागलेली. माणसाने ती फुंकून रुमालात बांधली.

मुख्याध्यापक जवळ आले. त्यांनी पत्र मागितलं नाही, चेहरा पाहिला.

"मग आता मुलींना आत बसवू का?"

"नको. बसवू नका."

"हे तुम्ही कोण म्हणून सांगताय? साहेब म्हणून?"

"मास्तर म्हणून समजा."

"मास्तर मीपण आहे हो," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "ऊन बघा किती आहे. तुमच्या जागी दुसरे साहेब कधी येणार?"

त्याला माहीत नव्हतं. त्याने स्वतःच्या हाताने कुलूप लावलं असतं, पण बिनसहीचं, बिनमोहोरेचं कुलूप म्हणजे कुणाचंही कुलूप, ते कुणीही काढलं असतं. तरीही त्याने एकदा कुलूप उचललं. मुख्याध्यापकांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला, धरलं नाही, नुसता ठेवला. त्याने कुलूप पिशवीत टाकलं.

तो फाटकातून बाहेर पडला तेव्हा बाकं परत आत चालली होती. मुली गडबडीत होत्या, ढकलाढकली चालली होती. बिजागऱ्या अजून गरम होत्या. त्या पक्क्या झाल्या होत्या. आता त्या बाजूने दार कुणालाच काढता येणार नव्हतं. तिन्ही कड्या रिकाम्या लोंबत होत्या. कुलूप लावायचं राहिलं.